बाहेर पडल्याची वेळ

४ नोव्हेंबर
चिखल्याला आले एकदाची. खोली चिकूच्या वाडीत, मागे सुरूची झाडं आणि पलीकडे समुद्र. प्रयोगशाळा म्हणजे चिकू सुकवायची जुनी शेड. मालक जतीनशेठ गोड बोलतात, जरा जास्तच.

काम नानकटाईएवढ्या काळ्या अतिसंवाहक चकत्यांचं. चकती द्रव नायट्रोजनमध्ये गार करायची, चुंबक जवळ आणून काढून घ्यायचा. चुंबक गेला तरी चुंबकत्व चकतीत अडकून राहतं, कारण आत वीज न थकता गोल फिरत असते. वरून नखाएवढा संवेदक फिरवून नकाशा काढायचा. त्यावरून चकती जास्तीत जास्त किती प्रवाह पेलेल ते कळतं. तार जोडायची भानगडच नाही. चांगल्या चकतीच्या नकाशात इथल्या मुसळ्या डोंगरासारखा एकच सुळका येतो. चकती गरम झाली की सगळं विसरते. माणसांना हे जमलं असतं तर किती बरं झालं असतं.

६ नोव्हेंबर
माझ्या आधी इथे सायवन गावचा लाहू कामाला होता. १२ ऑगस्टला शेडमध्येच गेला. शेठ म्हणतात, हार्ट अटॅक. आता चौकशी लागली आहे आणि ऑगस्टचं रजिस्टर कोरं आहे. शेठनी माझी नेमणूक एक ऑगस्टची दाखवली आणि म्हणाले, तेवढ्या ओळी भरून टाक.

नायट्रोजन बंद खोलीतली हवा खातो, म्हणून प्राणवायू कमी झाल्यावर वाजणारा भोंगा लागतो. आमच्या भोंग्यावरचं प्लास्टिक अजून निघालेलं नाही. कळत होतं मला. तरी एकतीस वेळा ‘भोंगा तपासला’ लिहून सही केली, तीन पेनं बदलून, म्हणजे एका बैठकीत लिहिलंय असं वाटू नये. मालकाच्या रकान्यात शेठनी सह्या केल्या. नोकरी हातची घालवायची नव्हती, दुसरं काय.

९ नोव्हेंबर
फाटकाशी लाहूची बायको बुधी बसली होती. मला बघून उठली.

“बाय, माना खरा सांग. त्या दिसी भोंगा वाजला का नाय?”

वाजला, म्हणाले. रजिस्टरात तसंच आहे. ती म्हणाली, म्हणजे तू होतीस तिथं. मला तिचा रागच आला. जेवण गेलं नाही.

११ नोव्हेंबर
सतरा नंबरची चकती. चुंबक लावलाच नव्हता, नकाशा सपाट यायला हवा. आला पंजा. चार बोटं पूर्ण, तर्जनी अर्धी. चकती भर दुपारी ओट्यावर तापवली, पुन्हा गार केली, पुन्हा मोजली. पंजा तसाच.

१२ नोव्हेंबर
शेठना दाखवला. त्यांचा चेहरा उतरला. लाहूची तर्जनी लहानपणीच तुटली होती म्हणे. दाराशी सापडला तेव्हा हातात हीच चकती होती. दार बाहेरून अडकलं होतं, हे त्यांच्या तोंडून निसटलं. मग म्हणाले, संवेदक बिघडला असेल.

१४ नोव्हेंबर
आता सगळ्या चकत्यांवर पंजा. मोठा होतोय. बोटं वाकलेली, दार खरवडताना वाकतात तशी.

१५ नोव्हेंबर
रजिस्टर उघडलं. चूक दिसली. रोज ‘आत आल्याची वेळ’, ‘बाहेर पडल्याची वेळ’ लिहिली आहे. बारा ऑगस्टला दुसरा रकाना राहून गेला. त्या दिवशी मी आत गेले. बाहेर पडले नाही. माझ्याच अक्षरात.

वेळ लिहायला गेले — त्या रकान्यात पेन उमटत नाही. तिन्ही पेनं —

बुधीला खरं सांगायचं. आत्ताच. फाटकाकडे —

१२ ऑगस्ट
मी ही तारीख लिहिलेली नाही. हात लिहितोय.

दुपार आहे. दार लागलंय. नायट्रोजनची टाकी उघडी, पायाशी पांढरं धुकं. लाहू समोर बसलाय. दार ठोकत नाही. त्याचं एकदा ठोकून झालंय. नुसता माझ्याकडे बघतोय, शांतपणे, आणि अर्ध्या बोटाने भोंग्याकडे दाखवतोय. प्लास्टिक तसंच आहे.

बाहेर बुधीचा आवाज. तेच विचारतेय.

ओरडले. आवाज फुटत —

बुधीबाई, नाही वाजला. मी खोटं —

शेठ, मालकाच्या रकान्यात तुमची सही आहे. लाहू आता रजिस्टरचं पान उलटून तेच वाचतोय. त्याला घाई नाही. भोंगा वा