अठरा दिवस

भोर, ता. ४ मे १९४०

ती. आईस सगुणाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

मी मामांकडे खुशाल आहे. मुंबईच्या डॉक्टरीच्या कॉलेजात अर्ज पाठवला. मुलींना जागा फार थोड्या, अर्ज मात्र ढीगभर. टपालाच्या वेळेला मी रोज ओट्यावर असते. मामा म्हणतात, पोष्टमन आता घाबरून दुसऱ्या आळीने जाईल.

एक जूनला सतरा वर्षे पुरी हवीत. दाखल्यावर माझा जन्म २० मे १९२३ आहे, म्हणजे पुरी होतात. तरी अर्जात काही चुकलं नसेल ना, असं सारखं वाटतं. वीस मेला देवापुढे साखर ठेव. तुझं पत्र लिहून देणाऱ्या गुरुजींना नमस्कार.

माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी सगुणा

पाली, ता. ११ मे १९४०

चि. सगुणास आईचे अनेक आशीर्वाद.

हितं समदी बरी हाईत. तुज्या म्हशीला रेडी झाली.

वीस मे काय मला ठावं न्हाई. त्या साली ज्येष्ठ दोन आलं. पहिला धोंड्याचा. तवा तुज्या आजीनं तुज्या बाला धोंडे खाया बोलावलं, अन् म्या पोटुशी असून पुरण वाटलं. तू झालीस ती दुसऱ्या ज्येष्ठात, पंचमीला. धोंड्यात झाली असतीस तर शेजारच्या धोंडाबाईवानी तुजं नाव बी धोंडाच पडलं असतं.

वाट बघत उपाशी बसू नगंस. माया हाय तिथंच हाय.

ता. क. चि. सगुणा, हे लिहिताना माझा हात थांबला. शाळेत तुझं नाव घालताना मी पंचांगातला पहिला ज्येष्ठ धरला. खरी तारीख १९ जून येते. पण कॉलेज दाखला पाहतं, पंचांग नाही. तू काही कळवू नकोस. आईला मी हे बोललो नाही.
मधू गुरुजी

भोर, ता. १७ मे १९४०

ती. आईस शि. सा. नमस्कार.

गुरुजी हे पत्र तुला एकही ओळ न गाळता वाचून दाखवतील. मी दुसऱ्या ज्येष्ठातली, म्हणून एक जूनला मला अठरा दिवस कमी पडतात. तीन दिवस मी कॉलेजला कळवायचं टाळलं. मामा म्हणाले, अठरा दिवसांनी कुणाचं काय बिघडतं. पण उद्या रोग्याचा ताप एकशे तीन दिसला आणि मी एकशे एक लिहिला तर, असं मनात आलं. काल कॉलेजला खरी तारीख कळवली. पंचांग बघण्यात घरीच चूक झाली असं लिहिलं, गुरुजींचं नाव घातलं नाही.

मला रागाव, पण अबोला धरू नकोस.

तुझी सगुणा

भोर, ता. ८ जून १९४०

ती. आईस शि. सा. नमस्कार.

उत्तर आलं. जागा मला दिलेली होती. वयात बसत नाही म्हणून ती दुसऱ्या मुलीला गेली. पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करावा, म्हणतात. तेव्हा मिळेलच असं नाही. वाचून मी मोरीत जाऊन तोंड धुतलं, मग पुन्हा धुतलं. गावात आता तू काय सांगशील?

तुझी सगुणा

पाली, ता. १४ जून १९४०

चि. सगुणास आईचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचताना गुरुजींनी डोळं पुसलं, म्या न्हाई. गावात सांगितलं, पोरगी अठरा दिवसांनी ल्हान निघाली. धोंडाबाई म्हणली, अशी ल्हान व्हायची सोय असंल तर मला बी सांगा.

गुरुजींनी शाळेच्या बुकात तांबड्या शाईनं तारीख नीट केली, खाली आपली सही केली. नवा दाखला तुज्याकडं धाडाया वेल्ह्याच्या टपालात टाकलाय. साखर म्या पंचमीला ठेवली, वीस मेला न्हाई.

आता भात लावाया ये. पुढल्या साली फारम भरशील तवा तारखेपाशी तुजा हात थांबायचा न्हाई.

माया पातळ झालीया का, ते घरी येऊन बघ.

तुजी आई