बंद यंत्राचा गुण

गेले नऊ दिवस आपल्या मनीच्या हेडफोनमध्ये काहीही वाजलेलं नाही, आणि तरीही, एक रविवार सोडला तर, ती कान झाकून टेबलाखाली शिरलेली नाही.

हेडफोनची पिन ध्वनिउपचाराच्या यंत्रात पहिल्या दिवसापासून अर्धवटच बसली होती. आज पुसताना दिसलं. ध्वनिउपचार म्हणजे थोतांड, हे माझं मत तुला पाठ आहे. ‘तुझी प्रयोगशाळा उंबऱ्याबाहेर ठेव,’ हे तुझं उत्तर मलाही. पण पोरीला गुण आला आहे, तो नाकारणं मला जमणार नाही. म्हणून तिच्या सत्रांची नोंदवही पुन्हा वाचली.

थेरपिस्टबाईंची एक अट आपण काटेकोर पाळली: सकाळ-संध्याकाळ मनीने हेडफोन लावले की तासभर घरात मोठ्यांनी अवाक्षर काढायचं नाही. रविवारी सत्र चुकलं, आपण पडद्यांच्या रंगावरून हमरीतुमरीवर आलो, आणि ती टेबलाखाली गेली.

मी काही दिवस ताईकडे राहतो. शाळेतून मनीला मीच आणेन. मिक्सर लावण्याआधी तिला सांगत जा. तो त्रास खरा आहे. पिन तशीच राहू दे.

तिला बरं वाटलं ते यंत्रामुळे नव्हे. दिवसातले दोन तास आपण भांडलो नाही, म्हणून वाटलं.