कापडी नावेतून शिवनाथ

७ नोव्हेंबर १९६१, दुर्ग

निघालो! शिवनाथ नदीनं, खाली शिवरीनारायणपर्यंत. गुलाबराव काठावरून शिव्या देऊन राहिला होता— 'एका पायाचा माणूस, अन् सव्वाशे मैल! मरशील बे हिरालाल!' आम्ही पोलाद कारखान्यात एकाच गँगचे रिगर, उंचावर लोखंड चढवणारे. मागच्या साली भट्टीच्या मचाणावरून पडलो, डावा पाय गुडघ्याखालून गेला, तेव्हा यानंच मले खांद्यावर घालून नेलं. म्हणून ऐकून घेतलं.

नाव रशियन इंजिनियर साहेबाची. कापड अन् दांड्या, बस! घडी करून पोत्यात मावते. देशी परत जाताना मले देऊन गेला. 'इसमें पाँव नहीं लगता,' म्हणे.

खरंच लागत नाई!

८ नोव्हेंबर

खांदे भरून आले. पण वैनगंगेकाठचा मी— हात वल्हं विसरले नाईत.

११ नोव्हेंबर

दिवसभर माणूस दिसला नाई. दोन्हीकडं वाळूच वाळू. मोठ्यानं गाणं म्हटलं. बगळे उडून गेले!

परतल्यावर कारखान्याच्या टाइम ऑफिसात हजेरी लिहायले खुर्ची देणार हायेत. 'बैठो आराम से.' ऐंशी फुटांवर लोखंडी गर्डरवरून चालत होतो मी. आराम!

१३ नोव्हेंबर, नांदघाटच्या पुढं

खडकावर घासून कापड फाटलं. सायकलच्या पंक्चरचं सामान होतं, ठिगळ लावलं. टिकलं.

१७ नोव्हेंबर

आज मेलोच होतो! वाळूच्या बेटावर चहा करून राहिलो होतो. कुबडी, कांबळं, शिधा सगळं नावेत. वारा सुटला अन् नाव चालली! लंगडी घालत धावलो, पडलो, पोहलो— हाती लागली नाई. कसाबसा परत वाळूवर आलो. ना झाड, ना माणूस. भट्टीवरून पडलो तेव्हा भ्यायलो नव्हतो, एवढा भ्यालो. ओरडत राहिलो.

दुपार कलल्यावर एक बाई डोंगा वल्हवत आली. मागं दोरीनं बांधलेली माझी नाव! 'तोर डोंगा कागद के हे का?'— तुझी नाव कागदाची हाय का?— म्हणे, अन् हसत सुटली. राधाबाई. खाली संगमाजवळ वाळूत कलिंदराची वाडी करते. नवरा वारला त्याले तीन साल झाले.

१८ नोव्हेंबर

रात्री तिच्या वाडीवरच मुक्काम केला. सकाळी निघणार होतो. पण तिचे बिया लावायचे खड्डे राहिले होते. बसून खणता येतात, खणले. 'राहू द्या, तुमाले जमणार नाई' असं एकदाही म्हणाली नाई. उलट, 'हाथ चला, गोठ कम कर!'— हात चालव, गप्पा कमी कर! अजून खड्डे हायेत, उद्याही राहतो.

२१ नोव्हेंबर, शिवरीनारायण

पोचलो! घाटावर लोक जमले, पोरं नावेले हात लावून पाहात होती. गुलाबरावले कार्ड टाकलं— जिवंत हावो.

उद्याची दुर्गची मोटर धरायची म्हणून नाव उकलून पोत्यात भरायले बसलो. एक दांडी काढली. परत बसवली.

२३ नोव्हेंबर

उलट्या धारेनं वाडीवर आलो. राधाबाई बिया भिजवत होती. कशाले परत आलास, विचारलं नाई. 'तोर घर म कोन हे?'— घरी कोन हाय तुझ्या?— म्हणे.

कोनी नाई, म्हटलं.

'त अब मैं हौं.'