हजेरीपटावरच्या नऊजणी

पिंपळे गुरव,
रविवार

प्रिय दीक्षा,

जयभीम. सर्वप्रथम एक गंभीर तक्रार. खिडकीजवळची माझी वेताची खुर्ची, जिच्यावर बावीस वर्षं माझा निर्वेध ताबा होता, ती तुझ्या आईने बळकावली आहे. दुकानातून आली की ती थेट खुर्चीत, पाय समोरच्या स्टुलावर. आणि शाळेत ज्या संस्कृतच्या सरांना पोरं अजून थोडीफार भितात, ते सर जमिनीवर मांडी ठोकून वह्या तपासतात. तू तिकडे नागपुरात कायदा शिकतेस, म्हणून विचारतो: या अतिक्रमणाविरुद्ध दाद कुठे मागावी? संसदेच्या समितीचं नाव मात्र काढू नकोस. तिथे जाऊन आलोय.

हसू नकोस, खरंच गेलो होतो. दुकानं आणि कामगारांच्या नव्या कायद्याचा मसुदा समितीपुढे आहे, आणि लोकांचं म्हणणं ऐकायला ती पुण्यात आली होती. आपले भिवाकाका, चाकणच्या कंपनीतले युनियनवाले, घरी येऊन म्हणाले, "सर, निवेदन तुमीच लिवा. आमी लिवलं की शिव्या येत्यात." मग मसुदा वाचला. त्यात एक कलम आहे, दुकानात काम करणाऱ्या प्रत्येकाला बसायला जागा द्यावी. वाचून भरून आलं. पुढच्या ओळीला ओसरलं: हे फक्त दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानांना. आईच्या साड्यांच्या दुकानात चौदाजणी राबतात, हजेरीपटावर नऊ. उरलेल्या पाच 'सणापुरत्या'. तुझी आई अकरा वर्षं सणापुरती आहे. आणि शेठचं तत्त्वज्ञान तुला पाठच आहे, बसलेली बाई दिसली की गिऱ्हाईक समजतं, दुकान चालत नाही.

ठरलं असं, की सुरुवात मी करायची आणि ही नऊ-चौदाची गोष्ट आईने स्वतः सांगायची. दोन दिवस ती भाकऱ्या थापताना पाठ करत होती. अर्ध्या दिवसाची रजा काढून, जांभळी साडी नेसून आली. आम्हा दोघांना मिळून मिनिटं तीन. आता माझा गुन्हा ऐक. मंगलाचरणाशिवाय आरंभ करायचा नाही, ही आमच्या गुरुजींची शिकवण हाडात मुरलेली. मी अध्यक्षांना वंदन केलं, मग सदस्यांना, मग लोकशाहीला, मग श्रमाच्या प्रतिष्ठेवर एक सुभाषित, अन्वयार्थासह. घंटा वाजली. आई शेजारी कागद धरून उभी. अध्यक्ष अत्यंत सौजन्याने म्हणाले, "बाकीचं लेखी द्या." दिलं. पोच मिळाली, शिक्का सुबक आहे.

बाहेर आल्यावर ती एवढंच म्हणाली, "उभंच राहायचं होतं, तर दुकानात काय वाईट होतं?" बसमध्ये जागा रिकामी होती. बस गं, म्हटलं. ती दांडा धरून उभीच. मला वाटलं, रुसली. घरी येईपर्यंत मी मनातल्या मनात सगळ्यांवर चरफडत होतो, समितीवर, शेठवर, त्या दहाच्या आकड्यावर, आणि सगळ्यांत जास्त त्या सुभाषितावर.

ती रुसली नव्हती, दीक्षा. एकदा बसली की तिला पटकन उठता येत नाही. डाव्या पोटरीच्या शिरा दोरखंडासारख्या फुगल्यात, घोट्यापाशी जखम झालीय, ती दोन महिने भरत नाही. डॉक्टरांनी उभं राहायचं काम बंद करायला सांगितलंय. ती म्हणते, सणापुरती बाई चार दिवस दिसली नाही की पाचव्या दिवशी तिच्या जागी दुसरी उभी असते. तुला फोनवर अवाक्षर सांगायचं नाही, अशी शपथ तिने मला घातली आहे. शपथेत पत्राचा उल्लेख नव्हता. पळवाटा काढणं मीही त्या शेठकडूनच शिकलो म्हण. परीक्षा संपली की लगेच निघून ये. माझं ती ऐकत नाही, तुझं ऐकेल. खुर्ची तिलाच राहू दे. मला भीती वाटते गं.

तुझाच,
पप्पा