सारसाची जोडी

मुंबई, ११ जानेवारी १९७९

केवळरामदादास,

सुखरामचा नमस्कार. साष्टांग लिवायले मन होत नाही.

मी बरा आहो. म्युझियमात पाखरांचे चित्र काढायची नोकरी पक्की झाली. दोन्ही टाईम पोटभर जेवतो. आईचा दमा कसा आहे? थंडीत तिले पडवीत निजू देऊ नका.

इतकंच तिले वाचून दाखवा. पुढचं तुमच्यासाठी आहे.

तुमच्या पोरीच्या, चंद्रकांताच्या लगनात भिंतीवर सारसाची जोडी काढून दे, असं तुमी लिवलं. त्यानं नवरा-नवरी जन्मभर सोबत राह्यतात म्हणता.

आपल्या बांधीत, उभ्या धानात एका जोडीनं घरटं केलं होतं. मी रोज बांधीच्या काठी, धुऱ्यावर बसून तिचं चित्र काढत होतो. एक दिवस मी रंग आणायले साकोलीले गेलो, अन् तुमी दोन्ही अंडे काठीनं फोडले. काहून फोडले, विचारलं तर म्हणाले, "पाखरानं धान लोळवलं, अन् तुले बी कामाचा नाही ठेवला."

मी घर सोडेपर्यंत मादी त्या टरफलांपाशीच उभी राहे. तिचं तसंच चित्र काढलं. तेच पाहून इथल्या साहेबानं मले ठेवून घेतलं.

लगनाले येईन. पोरीचा काही कसूर नाही, तिच्यासाठी जोडी काढून देईन. पण तुमच्या घरचं पाणी बी घेणार नाही. आई विचारील काहून, तर तिले तुमीच सांगा.

आईच्या पायावर डोकं ठेवतो.

नावापुरता तुमचा भाऊ,
सुखराम