प्राचार्यांचं डोकं आणि माझा ऑनलाइन कोर्स

तीर्थस्वरूप दादास,

वाकून नमस्कार. तुझा गुडघा आता काय म्हणतो? डॉक्टरांनी जिने चढू नका म्हणून सांगितलंय, आणि स्वतःच्या घरचा जिनाही त्यातच येतो, हे वहिनीने माझ्या वतीने तुला बजावावं. वहिनीचा खोकला गेला का? इकडे आम्ही सगळे ठीक. (म्हणजे तब्येतीने ठीक. बाकीचं पुढे लिहिलंय, ते बसून वाच.)

आमच्या संस्थेत मी केस कापायला शिकवते हे तुला माहीतच आहे. यंदा वरून हुकूम आला की प्रत्येक विभागाने आपला एक ऑनलाइन कोर्स तयार करायचा. ज्याचा मंजूर होईल त्याचा विभाग राहणार, ज्याचा होणार नाही त्याची खोली संगणकवाल्यांना जाणार आणि शिक्षकाने स्टोअरमध्ये बसून झाडू आणि बल्ब मोजायचे. दादा, ती आरशांची खोली मी उभी केली आहे. खुर्च्यांचे स्क्रूसुद्धा मी आवळलेत. तेव्हा मी चंगच बांधला.

वेळेचं नियोजन म्हणशील तर फार झकास केलं होतं. स्वयंपाकघरात भिंतभर तक्ता लावला. पाठ कधी लिहायचे, चित्रीकरण कधी, मागे पडदा कोणता, सगळं रंगीत पेनांनी. पडद्यापाशीच गाडं अडलं. (निळ्यापुढे मी आजारी दिसते, आणि काळ्यापुढे मी बरी दिसते पण केस दिसत नाहीत.) त्यात शेजाऱ्यांनी भिंत फोडायला काढली, त्यामुळे त्यांचा गवंडी चहाला गेला की मी धावत येऊन शिकवायचे. शिवाय चित्रीकरण बिघडलं तर ते पुन्हा करता येत नाही, कारण कापलेले केस परत चिकटत नाहीत. ह्यांचं डोकं संपलं, मग दिरांचं, मग दूधवाल्याचं. तक्त्यात एक चौकोन सहकाऱ्यांच्या अभिप्रायाचा होता. दोन सहकाऱ्यांनी कोर्स स्वतः करून बघावा आणि मत लिहून द्यावं असा आमच्याकडे नियमच आहे. तो चौकोन मी सगळे पाठ संपल्यावर, शेवटच्या दिवशी, जेवण आणि चहा यांच्यामध्ये बसवला. अभिप्रायाला असा वेळ तो कितीसा लागतो? आमच्याकडे सगळेच सगळ्यांना 'छान' लिहितात आणि चहाला जातात.

शिवणबाईंनी त्याप्रमाणे 'छान' लिहिलं, कोर्स न उघडताच. दुसरे होते वायरिंगचे सर. हा गृहस्थ सांगितलं तेवढंच करतो आणि सांगितलं ते सगळं करतो. (विजेशी खेळणाऱ्याने तसंच असावं म्हणा.) कात्री हातात घेतल्याशिवाय मत देणार नाही म्हणून ते अडून बसले. मग डोकं कोणाचं? तर आमच्या प्राचार्यांना उत्साहाचं भरतं आलं. शिक्षकांना हुरूप यावा म्हणून ते स्वतःच खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि मी निर्धास्तपणे शेजारच्या खोलीत चहा पीत बसले.

आता घोटाळा काय झाला ते ऐक. पाठात मी मागची बाजू कापते आणि बोलता बोलता कानाशी येते. माझा हात किती चालतो ते तू बघितलंयस. सरांनी जन्मात कात्री धरलेली नव्हती. मी कानाशी पोचले तेव्हा ते मानेवरच होते. पण व्हिडिओ थांबवा असं पाठात कुठेही म्हटलेलं नव्हतं, म्हणून त्यांनी तो थांबवला नाही. मान अर्धी सोडली आणि माझ्याबरोबर उडी मारून कान गाठला. मी टाळूवर गेले, ते टाळूवर आले. मी ब्रश फिरवून 'झालं बघा' म्हटलं, त्यांनीही ब्रश फिरवला. प्राचार्यांनी डोळे उघडले. समोर आरसा, मागे आरसा, बाजूला आरसा. अगं बाई, त्या खोलीत बघायचं नाही म्हटलं तरी सोय नाही! एका बाजूला जंगल तसंच होतं आणि दुसऱ्या बाजूला पायऱ्या पडल्या होत्या. संध्याकाळी ते सगळं तुळतुळीत करून घ्यावं लागलं.

मी सरांवर इतकी तडकले की शिपाई डोकावून गेला. तुम्हाला साधं थांबता येत नाही का, म्हणून फाडफाड बोलले. त्यांनी शांतपणे विचारलं, "बाई, कुठे थांबायचं ते पाठात कुठे सांगितलंय?" मी घरी येऊन रडले. रडून झाल्यावर पाठ स्वतः लावून बघितला, डाव्या हातात कात्री धरून, आणि दादा, मलाही माझ्याबरोबर जाता येईना. वेळ मी माझ्या हाताचा धरला होता, शिकणाऱ्याचा धरलाच नव्हता. पहिला पाठ झाल्याबरोबर सरांना दाखवला असता तर बाकीचे सगळे पाठ वाचले असते. आता तक्ता फाडला. नव्या तक्त्यात एक पाठ झाला की सर बघतात, चुका काढतात, मी जीभ चावून ऐकते, दुरुस्त करते आणि मगच पुढचा घेते. सर कंटाळत नाहीत. मी कंटाळते.

तर असं चाललंय. तू गुडघ्याला जप, वहिनीला माझी आठवण सांग.

तुझी धाकटी,
छकुली

ता.क. मंजुरी समिती येत्या सोमवारी येते आहे. पाठ बघून सरांनी त्यांच्यासमोर एक डोकं नीट कापून दाखवायचं, ही प्राचार्यांची अट. प्राचार्यांकडे सध्या काहीच नाही. ह्यांचे केस अजून वाढलेले नाहीत, दीर फोन उचलत नाहीत आणि दूधवाला पिशवी फाटकाला अडकवून पळतो. तू रविवारी ये.

ता.क. २. वहिनीला मी आधीच फोन केला होता. तुझं तिकीट तिने काढलंय, आणि निघण्याआधी तू केस कापून घेणार नाहीस याची जबाबदारीही तिने घेतली आहे.

ता.क. ३. हसत लिहिलंय सगळं, पण दादा, मला ती खोली हवी आहे. नक्की ये. टोपी मी आणून ठेवली आहे.