बिनचौकटीची काच

प्रिय धाकट्या,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. आई ठणठणीत आहे, तुझी वहिनी बरी आहे, गॅरेजही जागेवर आहे. जागेवर नाही ते फक्त माझं डोकं. ते गेला दीड महिना एका पियानोवाल्याने आणि त्याच्या दोन काचांनी खाल्लंय. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही, आणि यातलं कळणारा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे.

पियानोवाला म्हणजे पियानो जुळवणारा. वाजवणारा नव्हे. "वाजवणारे पुष्कळ आहेत," असं तो स्वतःच पहिल्या भेटीत म्हणाला, त्यावरूनच मी ओळखायला हवं होतं. किडकिडीत, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावलेलं, हातात कायम एक चामड्याची पेटी. आणि अशा माणसाकडे गाडी कोणती, तर पंचवीस वर्षांपूर्वीची ऐटबाज स्पोर्ट्‌स कार. दोन दारं, लांब नाक, बुटकी इतकी की आत बसायचं म्हणजे आधी खाली पडायचं आणि बाहेर यायचं म्हणजे कोणाचा तरी हात मागायचा. बॅटरी संपलेली असताना या गृहस्थाने डावं दार धाडकन लावलं. काच खाली उतरली नाही, वरच्या पत्र्यावर आपटली आणि तिचा साखरेसारखा चुरा झाला. उजव्या काचेवर आधीच उभे ओरखडे होते. एक नवी आणि एक जुनी शोभणार नाही, रंग जुळणार नाही, म्हणून दोन्ही बदला म्हणाला. मीही "हो, त्यात काय" म्हणालो. तुझ्या वहिनीचं म्हणणं, माझ्या आयुष्यातली सगळी संकटं या तीन शब्दांनी सुरू झाली आहेत.

ती आत्ता शेजारीच बसली आहे आणि विचारतेय की काच बदलायला दीड महिना कशाला लागतो. तुला सांगायची गरज नाही, पण तिच्यासाठी लिहितो. या दारांना काचेभोवती चौकटच नसते. दार उघडलं की नुसती काच उघडीबोडकी उभी. मूठ ओढली की काच बोटभर खाली सरकते, दार लावलं की पुन्हा वर चढून छताच्या रबरात रुतून बसते. वर फार गेली तर पत्र्याला घासते, कमी गेली तर पाणी आत. आत जास्त कलली तर दार लागत नाही, बाहेर कलली तर वारा शिरतो. हे सगळं दाराच्या पोटातल्या चार-पाच नटांवर. एक नट फिरवला की दुसऱ्याचं बिघडतं. घरात चार माणसांची मर्जी एका वेळी राखायची, तसला प्रकार. आता कळलं म्हणतेय. कळलेलं नाही.

पहिल्या काचा नव्या मागवल्या, तर त्यांचा बाकच वेगळा. खाली बसतायत, पण वरचा कोपरा बाहेर डोकावतोय. परत पाठवल्या. दुसरी जोडी भंगारातल्या तशाच एका गाडीच्या दारातून मी स्वतः काढून आणली, बाळाला आणावं तशी मांडीवर ठेवून. दाराचं आतलं पॅड काढताना अकरातल्या नऊ क्लिपा तुटल्या. पंचवीस वर्षांचं प्लॅस्टिक, नुसतं बघितलं तरी तुटतं. आतला जुना चुरा मी तीन वेळा उपसला, तरी दार हलवलं की अजून खुळखुळतंय. मग मोटरला शिकवणं. बॅटरी काढली की वर कुठे थांबायचं हे ती विसरते, आणि बटण दाबून धरून तिला पहिल्यापासून शिकवावं लागतं. एका दुपारी मी ती काच सतरा वेळा वरखाली केली. शेजारचा शिंपी बाहेर येऊन विचारून गेला, "कोणाला टाटा करताय का?"

शेवटी बसली. रबरात कागदाची पट्टी धरून ओढून बघितली, सगळीकडे सारखी अडकत होती. पाइपने पाणी मारलं, थेंब आत नाही. मी खूश. पियानोवाला गाडी घेऊन गेला आणि तासाभरात परत आला. दार उघडून, पडत-धडपडत बाहेर येऊन म्हणाला, "शीळ वाजते."

धाकट्या, त्या माणसाने ही दोन शब्दांची तक्रार घेऊन माझ्याकडे चार खेपा घातल्या. ऐंशीच्या वर वेग गेला की डाव्या काचेच्या मागच्या कोपऱ्यात शीळ वाजते. मी नट सैल करायचा, अर्धा आटा फिरवायचा, पुन्हा आवळायचा. तो जायचा आणि यायचा. एकदा म्हणाला, "आता अर्ध्या सुराने चढली आहे." म्हणजे मी गाडी दुरुस्त करत होतो की बासरी बनवत होतो, मलाच कळेना. दोनदा मी त्याच्याबरोबर मोठ्या रस्त्यावर जाऊन आलो. ऐंशी, नव्वद, शंभर. इंजिन ऐकू आलं, टायर ऐकू आले. शीळ नाही. तो मात्र बोट वर करून म्हणायचा, "ही बघा. ही." मी खिडकीला कान लावून बसलो. शेवटी तोंडातून निघून गेलं, "साहेब, ती तुमच्या कानात वाजत असेल."

तुझी फार आठवण यायची तेव्हा. तू कागदबिगद काही घ्यायचा नाहीस. काच आणि रबर जिथे भेटतात तिथून उजव्या हाताची दोन बोटं डोळे मिटून फिरवायचास आणि म्हणायचास, "दादा, मागचा नट, पाव आटा." आणि तेवढाच लागायचा. मी ते कधी तोंडावर बोललो नाही, पण गिऱ्हाइकांना तुझ्या पाठीमागे सांगायचो की याच्या बोटांना डोळे आहेत.

चौथ्या खेपेला पियानोवाला भांडला नाही. मला गाडीत बसवलं, मोठ्या रस्त्यावर नेलं आणि कडेला गाडी थांबवून इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता हा मला इथेच उतरवतो. त्याने मांडीवर ती चामड्याची पेटी उघडली. आत नादकाटे ओळीने लावलेले, मोठ्यापासून करंगळीएवढ्यापर्यंत. त्याने मोठा काटा गुडघ्यावर आपटला आणि माझ्या कानाशी धरला. घुमला. मी मान हलवली. मधला आपटला. लांबून आल्यासारखा ऐकू आला. मग सगळ्यात बारीक हातात घेतला आणि नुसता माझ्या कानाशी धरून बसला. मी थोडा वेळ वाट बघितली आणि वैतागून म्हणालो, "अहो, वाजवा ना." त्याने माझं बोट धरलं आणि हलकेच काट्याला टेकवलं. बोटाला मुंग्या आल्या. काटा वाजत होता.

दुसऱ्या दिवशी कानाच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. काचेच्या खोलीत बसवलं, कानावर पट्टा चढवला, आवाज आला की बटण दाबा म्हणाल्या. मी दाबत होतो असं मला वाटलं. बाहेर आल्यावर त्यांनी कागद दाखवला. त्यावरची रेघ सुरुवातीला सपाट आणि मग जिन्यावरून घसरल्यासारखी खाली. पत्रा ठोकणं, ग्राइंडर, कॉम्प्रेसर, वर्षानुवर्षं. मी विचारलं, हे कधीपासून? म्हणाल्या, "एवढं व्हायला दहा वर्षं तरी लागतात. हळूहळू जातं, म्हणून माणसाला कळत नाही. गोंगाटात तर बोलणं अजिबात उमजत नसेल तुम्हाला." घरी येऊन तुझ्या वहिनीला सांगितलं, तर ती म्हणाली, "मी किती वर्षं सांगतेय, कान दाखवून घ्या." मी म्हणालो, मला कधी सांगितलंस?

गाडीचं म्हणशील तर ती झाली. तुझ्या वहिनीला बाजूला बसवलं. शीळ वाजली की ती हात वर करायची, थांबली की खाली. तीन फेऱ्यांत सापडलं. काचेचा दोष नव्हताच, कोपऱ्यातलं रबर आतून आखडलं होतं. नवं बसवलं. पियानोवाला गाडी घेऊन गेला, तासाभराने परत आला. म्हणाला, "शीळ गेली. आता घड्याळाची टिकटिक ऐकू येते." त्याच्यापुढे मी हात जोडले.

मी वळसे घेत बोलतोय हे तुला कळलं असेलच. दहा वर्षं, असं त्या बाई म्हणाल्या, तेव्हापासून माझं मन एकाच ठिकाणी जाऊन उभं राहतंय. त्या गोष्टीला सहा वर्षं झाली. पांढरी गाडी, असंच बिनचौकटीचं दार. तू बाहेर उभा, दाराच्या पोटात हात घालून काच पकडीत बसवत होतास. मी आत, बटणावर बोट. मागे कॉम्प्रेसर सुरू. मी बटण दाबलं. काच उचलणाऱ्या मशीनचा दांडा वर आला आणि तुझी दोन बोटं त्यात गेली. दवाखान्यात तू मला म्हणालास, "दादा, मी थांब म्हणून ओरडलो. दोनदा ओरडलो." आणि मी सगळ्यांसमोर, आईसमोर, म्हणालो, "ओरडला असतास तर मी थांबलो नसतो का?" तुझं लक्ष नव्हतं, असं मी आईला सांगितलं. गिऱ्हाइकांना सांगितलं. इतक्यांदा सांगितलं की मला ते दिसायलाच लागलं होतं, तोंड मिटून, दुसरीकडे बघत उभा असलेला तू. आई तुला काही बोलली नाही, पण तिने माझंच खरं मानलं, आणि ते तुला कळलं. तीन महिन्यांनी तू गेलास. परगावी मुलांना यंत्रं शिकवायला लागलास. मी म्हणालो, याला राग गिळता येत नाही.

काल आईला सांगितलं. ती पलंगावर बसून धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. मी सगळं सांगितलं, काटा, तो कागद, ती रेघ. तिने हातातला टॉवेल उलगडला, पुन्हा घडी घातली, पुन्हा उलगडला. मग म्हणाली, "सहा वर्षं मी त्याच्याशी दर रविवारी फोनवर बोलतेय. एकदाही त्याने तो विषय काढला नाही, आणि मला वाटायचं, चूक कळली असेल म्हणून काढत नाही." नंतर बराच वेळ तिने माझ्याकडे बघितलं नाही. उठताना म्हणाली, "हे त्याला तू सांगायचं. मी नाही."

म्हणून हे पत्र. पहिली दोन वर्षं तू मलाही फोन करायचास, आणि मी "बरं, बरं, ठीक" एवढंच म्हणून ठेवून द्यायचो. तुला वाटलं असेल, दादा तोडून बोलतो. मला तुझं अर्धं बोलणं कळायचंच नाही, आणि पुन्हा विचारायची लाज वाटायची. आजही फोन केला असता तर तू काय म्हणालास ते मी चुकीचं ऐकलं असतं, आणि यावेळी मला चुकीचं ऐकायचं नाहीये. यंत्र बसवायचंय कानात, पुढच्या आठवड्यात. ते नवं गिऱ्हाईक कसं वागतं ते बघू. तू ये असं मी म्हणत नाही, माफ कर असंही म्हणत नाही. त्या दोन बोटांवर माझा काही हक्क उरलेला नाही. फक्त तुझ्या हातात कागदावर, माझ्या अक्षरात, हे असू दे, म्हणजे कोणालाही दाखवता येईल: तू ओरडला होतास. दोनदा ओरडला होतास. मला ऐकू आलं नाही, आणि मी तुला खोटं ठरवलं.

तुझाच,
दादा